लाल बावट्याच्या वाटेनं: गिरणगावात पायी फेरी कशी आखावी आणि कशी घडवावी

गिरणगावातली लाल बावट्याची फेरी काढायची म्हटलं की पहिली अडचण येते ती ही, की दाखवायला फारसं काही उरलेलं नाही. गिरण्या गेल्या, भोंगे गेले, ज्या दरवाजांसमोर सभा व्हायच्या तिथे आता सुरक्षारक्षक गाडीचा नंबर लिहून घेतो. तरी फेरी होते आणि चांगली होते. फक्त ‘ही इमारत, ते स्मारक’ या पद्धतीनं ती आखायची नाही. मुंबईतला कम्युनिस्ट पक्ष वाढला तो चाळ, गिरणीचा दरवाजा, नाका, मैदान आणि नाट्यगृह यांच्या साखळीतून. बहुतेक कामगार गिरणीपासून पायी जाता येईल इतक्याच अंतरावर राहत, त्यामुळे सकाळी दरवाजावर झालेलं बोलणं दुपारपर्यंत चाळीत आणि संध्याकाळी मैदानावर पोचलेलं असे. ही साखळी आजही पायी जोडता येते. मित्रमंडळींना, विद्यार्थ्यांना किंवा परगावच्या पाहुण्यांना ती कशी दाखवायची, ते इथे सांगतो.

आधी अभ्यास, पण नेमका

निघण्यापूर्वी चार गोष्टी पक्क्या डोक्यात बसवा. बाकीच्या वाटेत बोलता बोलता येतील.

पहिली १९२८. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईतले दीडेक लाख गिरणी कामगार संपावर होते. त्याच धामधुमीत मे महिन्यात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘लाल बावटा’, उभी राहिली. श्रीपाद अमृत डांगे, शां. स. मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही मंडळी पुढे होती, पण युनियनचे अध्यक्ष अ. आ. आळवे स्वतः गिरणी कामगार होते. हे आवर्जून सांगा, कारण ‘शिकलेल्यांनी कामगारांना भडकवलं’ हा सूर फेरीत कोणी ना कोणी लावतोच. वर्ष संपता संपता सभासद पन्नास हजारांवर गेले होते. २० मार्च १९२९ रोजी सरकारनं मीरत कटाच्या खटल्यात (ब्रिटिश राजवट उलथण्याचा कट केल्याचा आरोप) देशभरातून तीसहून अधिक पुढाऱ्यांना उचललं, त्यात मुंबईचे बरेच होते आणि आळवेही होते.

दुसरी गोष्ट १९४२ ते ४६ ची. १९३४ साली पक्षावर आलेली बंदी १९४२ च्या जुलैत उठली, १९४३ साली पक्षाचं पहिलं अधिवेशन मुंबईतच भरलं, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये नौदलाच्या उठावाला पाठिंबा म्हणून परळ-लालबाग रस्त्यावर उतरलं. तिसरी, संयुक्त महाराष्ट्राचा लढा. चौथी, १९६७ ते ७० या तीन वर्षांत याच गल्ल्यांतून लाल बावटा कसा मागे रेटला गेला ती.

आणि १९८२? प्रत्येक गट गिरणगाव म्हटलं की थेट तिथेच उडी मारतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत कम्युनिस्ट नव्हते. तो संप फेरीत घ्या, पण शेवटाकडे. सुरुवातीलाच घेतलात तर आधीची साठ वर्षं कोणी ऐकत नाही.

दिवस, वेळ, माणसं

रविवारी सकाळी सात-साडेसातला निघणं सोयीचं, रस्ते मोकळे असतात आणि चाळीत लोक घरी भेटतात. मात्र शेवटी प्रभादेवीला लोकवाङ्मय गृहातून पुस्तकं घ्यायची असतील तर शनिवार धरा आणि दुकान उघडं आहे ना याची आदल्या दिवशी फोनवर खात्री करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जुलै-ऑगस्टचा विचारच नको, परळ-हिंदमाता पट्ट्यात पाणी कधी भरेल ते कोणी सांगू शकत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत लालबागला ही फेरी न्यायची म्हणजे वेडेपणाच. १ मे मोहाचा दिवस आहे, पण त्या दिवशी ज्यांना भेटायचं ती जुनी मंडळी कार्यक्रमांत अडकलेली असतात.

गट दहा-बारा जणांचा ठेवा. त्याहून मोठा झाला की मागचे दोघे वडापावच्या गाडीवर राहतात आणि फुटपाथ अडतो तो वेगळाच. अंतर पाच किलोमीटरच्या आसपास आहे. थांबत, बोलत साडेतीन तास लागतात. गुडघ्यांची कुरकुर असणाऱ्यांना रेल्वेच्या पुलांच्या जिन्यांची कल्पना आधीच द्या.

रस्त्यावरून चालायला परवानगी लागत नाही. चाळीच्या आत जायला लागते, आणि ती कागदी नसते. आधी एकदा एकट्यानं जाऊन तिथल्या मंडळाच्या कार्यकर्त्याला किंवा ओळखीच्या काकांना भेटा, कधी येणार, किती जण येणार, फोटो काढणार का, हे सांगा. दहा अनोळखी माणसं कॅमेरे घेऊन व्हरांड्यात शिरली की ‘बिल्डरची माणसं का?’ असा प्रश्न येतो आणि पुनर्विकासाच्या दिवसांत तो रास्तच आहे.

पहिला थांबा: लोअर परळ, धुराड्याखाली

लोअर परळ स्टेशनला उतरून फिनिक्स मॉलकडे, म्हणजे पूर्वीच्या फिनिक्स गिरणीकडे चला. मॉलमध्ये जायचं नाही, गिरणीचं उरलेलं धुराडं दिसेल अशा जागी उभं राहायचं. इथे घाईघाईनं इतिहास ओतू नका. एकच गोष्ट समजावून द्या: गिरणीत माणूस कामाला कसा लागायचा.

पहाटे भोंगा व्हायच्या आधी बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर घेतले जाणारे, दरवाजाशी उभे राहत. त्यांतून कोणाला आत घ्यायचं ते मुकादम, म्हणजे जॉबर, ठरवी. जॉबर गाववाला असे, कधी खोली त्याच्याच ओळखीनं मिळालेली असे, खानावळीची आणि वाण्याची उधारी त्याच्या शब्दावर चाले. अशा माणसाविरुद्ध तक्रार कोण करणार? लाल बावट्यानं गिरणी-गिरणीत कामगारांच्या समित्या उभ्या केल्या. म्हणजे खात्यातला तंटा जॉबरच्या मध्यस्थीशिवाय वर नेण्याची वाट मिळाली. मालक आणि जॉबर दोघेही युनियनवर एवढे का चिडले, याचं अर्धं उत्तर यात आहे.

दुसरं अर्धं उत्तर साच्यांच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या, हिशेबात. विणाई खात्यात एक कामगार दोन साचे सांभाळी. मालकांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली एकाकडे तीन साचे द्यायचं ठरवलं. गटातल्या एकाला मधे उभं करा, दोन्ही बाजूंना एकेक जण साचा म्हणून, आणि सांगा: दोन्हीकडे लक्ष ठेव, धागा तुटला की साचा थांबव, गाठ मार, पुन्हा चालू कर. मग पाठीमागे तिसरा उभा करा. हा पोरखेळ वाटेल, पण १९२८ चा संप कशावरून झाला हे मिनिटभरात कळतं: एका माणसाची कमाई थोडी वाढणार आणि शेजारचा घरी बसणार.

आणि आता दुसरी बाजू, इथेच, धुराड्याखालीच. विणाई खात्यात पगार चांगला होता, पण अस्पृश्य कामगारांना तिथे मज्जाव होता. कारण असं दिलं जाई की धोट्यात (मागावर आडवा धागा नेणारं साधन) नवी कांडी, म्हणजे धाग्याची गुंडाळी, घातल्यावर धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावा लागे, आणि एकाच्या तोंडाचा धोटा दुसरा लावणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात पुढाऱ्यांना नेमकं हेच विचारलं. समाधानकारक उत्तर मिळालं नाही आणि पुढे १९२९ च्या संपाला त्यांनी उघड विरोध केला. हा भाग गाळून केलेली फेरी म्हणजे पक्षाच्या वर्धापनदिनाचं भाषण. गटाला ते नको असतं.

दुसरा थांबा: ना. म. जोशी मार्ग, बीडीडी चाळी

इथून डिलाइल रोडला, म्हणजे ना. म. जोशी मार्गाला लागा. जोशी स्वतः कम्युनिस्ट नव्हते, नेमस्त कामगार पुढारी होते, आणि १९२८ च्या संपात ते व लाल बावटेवाले एकाच संप समितीवर बसले होते. रस्त्याच्या पाटीखाली एवढं सांगून पुढे चला.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२० च्या दशकात सरकारनं वरळी, नायगाव, शिवडी आणि इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकास जोरात आहे, त्यामुळे जुनी चाळ कुठली उभी आहे ते आधी येऊन पाहून ठेवा. आकडा नुसता सांगू नका. फुटपाथवर खडूनं सोळा फूट बाय दहा फूट आखा आणि सगळ्या गटाला आत उभं करा. एका खोलीत गावाकडचे पंधरा-वीस बाप्ये राहत, ते पाळीच्या जोरावर. पहिली पाळी कामावर गेली की तिसरी पाळी येऊन त्याच जागी झोपे.

या खोल्यांना जेवण घालणाऱ्या बायकांबद्दल इथे बोला, फेऱ्यांमध्ये त्यांचं नाव क्वचित निघतं. घरची चूल सांभाळून दहा-दहा गडी जेवायला ठेवायचे, महिन्याच्या पगारावर पैसे मिळायचे, आणि संप झाला की उधारीचा सगळा भार त्यांच्याच अंगावर. म्हणजे संप किती टिकणार हे खानावळवालीवरही ठरे. गोवा मुक्तिलढ्यात पायाला गोळी लागलेल्या आणि पुढे मुंबईत कम्युनिस्ट चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अशाच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून देणं, हे त्यातलं पहिलं काम. गटात कोणी गोव्याचं असेल तर हा धागा पकडून ठेवा.

तिसरा थांबा: करी रोडचा पूल ओलांडून लालबाग

करी रोड स्टेशनच्या पुलावरून पूर्वेला उतरलात की पाचेक मिनिटांत भारतमाता सिनेमा. चहा इथे घ्या. कोणाला भूक लागली असेल तर लाडू सम्राट जवळच आहे, आणि घरी न्यायला काही हवं असेल तर चिवडा गल्लीत नंतर एकट्यानं या. गट घेऊन शिरलात तर अर्धा तास गेला म्हणून समजा.

लालबागमध्ये दोन गोष्टी सांगायच्या असतात आणि दोन्ही जड आहेत. एक फेब्रुवारी १९४६ ची. नौदलातल्या खलाशांनी १८ फेब्रुवारीला उठाव केला. काँग्रेस आणि मुस्लिम लीग दोघेही हात राखून होते, कम्युनिस्ट पक्षानं २२ तारखेला बंदची हाक दिली. गिरण्या ओस पडल्या आणि लष्कर रस्त्यावर आलं. परळमध्ये झालेल्या गोळीबारात परळ महिला संघाच्या कमल दोंदे गेल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. त्या दिवसांत मुंबईत दोनशेच्या वर माणसं मारली गेली. एवढी मोठी घटना, पण ती सांगणारं स्मारक वाटेत दिसेलच असं नाही, तेव्हा ते तुम्हालाच तोंडानं सांगावं लागेल.

दुसरी ५ जून १९७० ची. कम्युनिस्ट पक्षाचे परळचे आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागच्या तावरीपाड्यात खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक थोड्या मतांनी निवडून आले. शिवसेनेचे ते पहिले आमदार. इथे सांगणाऱ्याची कसोटी लागते. तावरीपाड्यात घोळका उभा करून खुनाचं वर्णन करू नका, तिथे माणसं राहतात. भारतमाताच्या बाजूला उभं राहून, आवाज बेताचा ठेवून सांगा. जे ठाऊक आहे ते सांगा, ऐकीव टाळा. गटात दोन्ही बाजूंच्या घरांतली माणसं असतात. बऱ्याच घरांत तर बाप लाल बावट्याचा सभासद आणि मुलगा शिवसेनेच्या शाखेत, अशी वाटणी एकाच खोलीत होती. त्याविषयी कोणी स्वतःहून बोलायला लागलं तर तुम्ही गप्प बसा, फेरीतला सर्वांत मोलाचा भाग तोच.

चौथा थांबा: परळ नाका ते कामगार मैदान

डॉ. आंबेडकर रोडनं उत्तरेला चला. परळ नाक्याच्या दळवी बिल्डिंगमध्ये गिरणी कामगार युनियनचं कार्यालय होतं. डिसेंबर १९६७ मध्ये शिवसैनिकांनी ते फोडलं, कागदपत्रं जाळली. विशेष म्हणजे त्याच वर्षी डांगे मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले होते. तेव्हा पक्ष एका रात्रीत संपला असं म्हणू नका. १९६४ ची पक्षातली फूट, कामगारांच्या पोरांना नोकऱ्या नसणं, आणि मराठी तरुणांच्या रागाला पक्षाकडे तयार उत्तर नसणं, हे सगळं त्याआधीच साचत होतं.

कायद्याचाही हात होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एका धंद्यात एकाच संघटनेला मान्यता दिली आणि ती काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली. कामगार सभेला लाल बावट्याच्या येणार, करार मात्र दुसऱ्याच संघटनेनं करायचा, अशी विचित्र व्यवस्था पुढची कैक वर्षं चालली. १९८२ ची ठिणगी यातूनच पडली, म्हणून तो संप सांगायची योग्य जागा ही. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि १९९१ च्या विकास नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली.

जवळच दामोदर हॉल. सोशल सर्व्हिस लीगनं १९२० च्या दशकात उभारलेलं हे नाट्यगृह कामगार रंगभूमीचं घर होतं. २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी ते बंद झालं. लाल बावटा कलापथकाबद्दल बोलायला याहून योग्य जागा नाही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी ते उभं केलं. तमाशाचा बाज ठेवून आत सावकार, मालक आणि दलाल आणून बसवले. हे बोलून दाखवण्यापेक्षा ऐकवा. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड सोबतच्या छोट्या स्पीकरवर लावा. गावी बायको ठेवून आलेला कामगार आणि महाराष्ट्रापासून तोडलेले सीमाभाग यांची सांगड त्यात आहे. आजूबाजूला केईएम, वाडिया, टाटा अशी रुग्णालयं आहेत, म्हणून आवाज लहान ठेवा.

तिथून कामगार मैदान. पत्ता विचारताना पूर्ण नाव सांगा, नाहीतर लोक तुम्हाला नरे पार्कला किंवा सेनापती बापट मार्गावरच्या कामगार क्रीडा संकुलाला पाठवतील. मैदानात क्रिकेट चालू असेल, कडेला बसा. ७ नोव्हेंबर १९३८ हा दिवस इथे सांगायचा. संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्या दिवशी एक दिवसाचा संप झाला, आणि दहा वर्षांपूर्वी एकमेकांच्या विरोधात गेलेले आंबेडकर आणि डांगे त्या लढ्यात एकत्र होते. पहिल्या थांब्यावर धोट्याची गोष्ट ऐकलेली माणसं इथे नेमका प्रश्न विचारतात: मग पुढे एकत्र का राहिले नाहीत? या प्रश्नावर वीस मिनिटं राखून ठेवा.

१९४२ बद्दलही कोणी विचारेलच. आडवळण घेऊ नका. सोव्हिएत युनियनवर हल्ला झाल्यावर पक्षानं महायुद्धाला लोकयुद्ध म्हटलं आणि ‘चले जाव’च्या विरोधात भूमिका घेतली. गिरणगावातही त्याची किंमत पक्षाला मोजावी लागली.

शेवट: प्रभादेवी

एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर २०२५ पासून बंद आहे. तेव्हा रेल्वेच्या पादचारी पुलावरून परळहून प्रभादेवीला उतरा. तिथून सयानी रोडला भूपेश गुप्ता भवन. कम्युनिस्ट पक्षाचं कार्यालय आणि लोकवाङ्मय गृह ही प्रकाशन संस्था व तिचं पुस्तकांचं दुकान इथे आहे. आत जाताना दहा जण एकदम घुसू नका. जुनी कार्यकर्ती मंडळी भेटली तर ‘तुमचा पक्ष का हरला?’ यानं सुरुवात करू नका. ‘तुम्ही कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात होता?’ असं विचारा. खातं विचारलं की माणूस खुलतो, साच्यांची संख्या, जॉबरचं नाव, पहिल्या पगाराचा आकडा आपोआप येतो. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा आणि नंतर त्यांच्या घरी एक प्रत पोचवा.

कोणाला आणखी पाहायचं असेल तर दक्षिणेची फेरी वेगळ्या दिवशी करा, याच दिवशी कोंबू नका. सीएसएमटीजवळच्या एम्पायर थिएटरपासून सुरुवात करा, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी आयटकची (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, देशभरच्या कामगार संघटनांचा महासंघ) स्थापना तिथे झाली. मग हुतात्मा चौक, जिथे स्मारकावरच्या शेतकऱ्याच्या जोडीला कामगार आहे. शेवटी खेतवाडी, चाळिशीच्या दशकात पक्षाचं मुख्यालय आणि छापखाना या भागात होता, कार्यकर्ते एकत्र राहत, एकत्र जेवत. ही फेरी लहान आहे, दोन तासांत होते. पण खेतवाडीच्या गल्ल्या दुपारी बाराच्या आत उरकाव्यात, नंतर टेम्पो आणि हातगाड्यांमधून माणसाला उभं राहायला जागा मिळत नाही.